खळ दिलेल्या नोटा

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. जुन्या नोटांचा विषय निघाला की खऱ्या-खोट्याचे कितीतरी किस्से सांगायचो, हा मात्र त्यात कधी आला नाही. घरातही कोणाला माहीत नाही. आता भिंग धरलं की हात थरथरतो आणि नोटा बघणं बंद झालंय. ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसंही फारशी उरली नाहीत. म्हणून लिहायला बसलो. यात धाडस वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी बँकेत रोखपाल होतो. सगळी नोकरी औरंगाबादेत गेली. शहराचं नाव बदललं तरी माझ्या तोंडातून अजून तेच निघतं. रोखपालाच्या जाळीमागे बसून माणसाला एक सवय लागते. खोटी नोट खरी समजून घेतली तर ती आपल्या पगारातून भरावी लागते. खरी नोट खोटी समजून परत केली तर गिऱ्हाईक दोन शब्द बोलून निघून जातं, आपलं काही जात नाही. त्यामुळे जरा शंका आली की नोट परत करायची. पुढे शंका आणि खात्री यांतला फरकच राहिला नाही. ही सवय मी निवृत्त होताना खुर्चीत ठेवून आलो नाही.

जुन्या नोटांचा नाद नोकरीतच लागला. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राज्याचं वेगळं चलन होतं, हाली. तिच्या कागदी नोटाही होत्या आणि त्यांवर किंमत उर्दू, मराठी, तेलुगू, कानडी अशी चार लिप्यांत छापलेली असे. हाली बंद झाल्यावर कुठे पेटीच्या तळाशी, कुठे पोथीत अशा नोटा राहून गेल्या. त्या काळातही खोट्या हाली नोटा निघायच्या आणि त्यासुद्धा तितक्याच जुन्या झाल्या. कागद पिवळा, घड्या विटलेल्या, वास जुना. नुसत्या जुनेपणावरून काही कळत नाही. खरा कागद उजेडात धरला की आतला वॉटरमार्क दिसतो. खोट्या करणारे काय करायचे, तर दोन पातळ कागद घ्यायचे, एकाच्या आतल्या बाजूला वॉटरमार्कसारखं काहीतरी पुसट काढायचे आणि दोन्ही एकमेकांवर चिकटवायचे. अशी नोट बोटांना जाड आणि ताठ लागते, उजेडात आतलं गढूळ दिसतं आणि छपाईच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात. अशा दोन-तीन मी पाहिल्या होत्या, एकीचे पदर सुटलेलेही पाहिले होते. तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजत होतो. लोकही समजत होते.

शहागंजात माझ्या एका मित्राचं रबरी शिक्के बनवायचं दुकान होतं. नोटांवरचं उर्दू तो वाचून द्यायचा. रविवारी सकाळी मी तिथं बसायचो आणि कोणी जुनी नोट घेऊन आलं की बघून सांगायचो. पैसे घेत नव्हतो, मान घेत होतो.

अशाच एका रविवारी करमाडकडची दोन माणसं आली. दोघंही साठीच्या आसपास, पटके बांधलेले, धनगर समाजातले. सख्खे चुलतभाऊ, एक थोरल्या भावाच्या घरचा, दुसरा धाकट्याच्या. पण दुकानाच्या बाकावर मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. थोरल्या घरचा जो होता त्याच्या हातात घोंगडीचा एक तुकडा गुंडाळलेला होता. तो त्यानं मांडीवरच धरून ठेवला. बोलायला सुरुवात धाकट्या घरच्यानं केली.

"सायेब, तुमचं नाव ऐकून आलो. निवाडा करायचा हाय."

"कशाचा?"

"ह्याच्या बापाचा," तो म्हणाला.

मित्र हातातलं काम थांबवून हसला. "वो तो अल्ला करेगा भाई, यहाँ खाली नोटाँ देखते."

"नोटांतच हाय सगळं," धाकट्या घरचा म्हणाला.

मग गोष्ट कळली. दोघांचे बाप सख्खे भाऊ. कळप दोघांचा मिळून. एका वर्षी चारा नव्हता म्हणून त्यांनी कळपातली बरीच मेंढरं विकली. व्यापाऱ्यानं हालीच्या दहा-दहाच्या नोटा दिल्या. त्या थोरल्यानं आपल्याकडे ठेवल्या. पुढं हाली बंद व्हायला आली तेव्हा वाटणीसाठी नोटा बाहेर काढल्या आणि शहरातल्या एका सराफाकडं नेल्या. त्यानं बोटांनी चाचपल्या, परत केल्या आणि खोट्या आहेत म्हणाला. धाकटा भाऊ जे समजायचं ते समजला. थोरल्यानं खऱ्या नोटा खर्चल्या आणि खोट्या आणून ठेवल्या, असं तो सगळ्या भावकीत बोलला. थोरला मरेपर्यंत म्हणत राहिला की ह्या त्याच नोटा आहेत, मी हात लावला नाही. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांकडे पाणीसुद्धा घेत नव्हती. लग्नाला नाही, मयतीला नाही.

"आता ह्याच्या पोरीचं लगीन हाय," धाकट्या घरचा म्हणाला. "पोरगी म्हणती, काका आल्याबिगर मी अक्षता पडू देणार नाय. म्हणून ठरवलं, एकदाचं दाखवून घ्यायचं. खऱ्या निघाल्या तर मी ह्याच्या बापाच्या टाकापुढं नाक घासीन, सगळ्या भावकीदेखत. खोट्या निघाल्या तर ह्यानं कबूल करायचं."

टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा. घरातला वडीलधारा गेला की त्याच्या नावानं करून देव्हाऱ्यात देवांबरोबर ठेवतात आणि सणावाराला त्याला नैवेद्य दाखवतात. थोरल्या घरचा फक्त म्हणाला, "खऱ्याच हायत त्या. बाप माझा लबाड नव्हता."

"तू कवा बघितला रं? तू तवा मेंढरामागं शेंबूड पुशीत व्हतास."

"तू तरी काय वाघ मारीत व्हतास रं?"

दोघंही किंचित हसले. ते हसू मला आठवतं, कारण त्या दोघांना हसायचं होतं, निमित्त हवं होतं. निमित्त माझ्या हातात येणार होतं.

घोंगडीचा तुकडा उलगडला. आत सात-आठ नोटा होत्या. मी वरची उचलली आणि उचलता क्षणीच माझं ठरलं. जाड. ताठ. वाळलेल्या पानासारखी. उजेडात धरली तर आत ढगाळ, वॉटरमार्कच्या जागी नुसता गढूळ डाग. भिंगाखाली रेषा फुगलेल्या, एकमेकींवर सांडलेल्या. दुसरी पाहिली, तीही तशीच. तिसरी मी नीट पाहिली नाही.

त्यात महिनाभरापूर्वी एक गोष्ट घडली होती, तीही सांगायला हवी. मी खरी म्हटलेली एक नोट मुंबईच्या एका जाणकारानं खोटी ठरवली होती. ज्याची होती तो दुकानात येऊन चार लोकांत म्हणाला, "साहेब, आता तुम्ही चष्मा बदला, नाही तर धंदा." ते मला झोंबलं होतं. पुन्हा तसं ऐकून घ्यायचं नव्हतं.

"या कशानं तरी चिकटवलेल्या वाटतात," मी म्हणालो.

थोरल्या घरच्याचा चेहरा उजळला. "व्हय सायेब. बापानं खळ दिली व्हती त्यांना. घोंगडीला देतो ना चिंचोक्याची, तीच. किडा लागू नये, कागद फाटू नये म्हणून. मी लहान व्हतो, पण मला याद हाय. कुंच्यानं दिली व्हती."

त्यानं मोठ्या विश्वासानं सांगितलं, जणू आपल्या बाजूचा पुरावाच पुढं केला. आणि मी तोच त्याच्याविरुद्ध धरला. चिकटवलेली नोट म्हणजे दोन पदरांची, दोन पदरांची म्हणजे खोटी. बाप खळ लावत होता हे पोरानं पाहिलं होतं. मला वाटलं, पोरानं बापाला नोटा चिकटवतानाच पाहिलं आणि त्याला ते कळलं नाही. घोंगडी विणणारी माणसं नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीत ताठ करतात, ती टिकावी म्हणून. हे मराठवाड्यात जन्म काढलेल्या मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी नव्या घोंगडीवर झोपून गाल खरखरीत करून घेतलेत. पण त्या क्षणी मला घोंगडी आठवली नाही. ज्या माणसानं जन्मभर अंगावरची वस्तू खळ देऊन जपली, तो कागदही तसाच जपेल, हे सुचलं नाही.

मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कायकू जल्दी करते मियाँ? एक का कोना पानी में भिगा के देखो ना."

"जुनी नोट भिजवायची नसते," मी म्हणालो. हा नियम खराच आहे. त्या दिवशी मी त्याच्यामागे लपलो.

मग मी दोघांकडे पाहून सांगितलं, "खोट्या आहेत. त्याच काळातल्या, पण खोट्या."

थोरल्या घरचा वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्यानं वाद घातला नाही. तो नोटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी मी बघितलं ते… बाप तेच करीत व्हता?"

मी होकारार्थी मान हलवली. नुसती मान. ती हलवली नसती तर कदाचित पुढचं इतकं झालं नसतं, असं वाटतं.

धाकट्या घरचा जिंकला होता, पण त्यालाही आनंद झालेला दिसला नाही. तो मधली जागा ओलांडून सरकला आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला. "चल. झालं गेलं. चहा पिऊ."

निघताना मी नोटा पुढं केल्या. थोरल्या घरच्यानं घोंगडीचा तुकडा तेवढा उचलला. "ह्या नकोत आता घरात. जाळा नाय तर ठिवा." पायऱ्या उतरताना भावानं त्याचा हात धरला. दोघं समोरच्या हॉटेलात गेले. इतक्या वर्षांत बहुतेक पहिल्यांदा एका टेबलावर बसले असतील. मला बरं वाटलं. आपण भांडण मिटवलं असं वाटलं.

मी नोटा जाळल्या नाहीत. खोट्या हालीचा असा नमुना सहसा हाताला लागत नाही. त्या मी प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातल्या आणि पुढं कितीतरी वर्षं लोकांना दाखवल्या. "हात लावून बघा, जाड लागते की नाही? उजेडात धरा. बघा, कसं फसवायचे." नवे नादी लोक माना डोलवायचे. एका माणसाच्या बापाची लबाडी म्हणून मी ती पाकिटं फिरवली.

मग एकदा जुन्या नोटा-नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा होता. सकाळची वेळ, हॉलच्या खिडक्यांतून ऊन येत होतं. मला खऱ्या-खोट्यावर बोलायला सांगितलं होतं. बोलण्यात रंग भरावा म्हणून मी ठरवलं की त्यातली एक नोट सगळ्यांसमोर भिजवायची आणि तिचे दोन पदर सुटताना दाखवायचे. खोटीच आहे, बिघडली तरी काय. कल्हईच्या ताटात कोमट पाणी घेतलं, नोट सोडली आणि बोलत राहिलो.

पदर सुटले नाहीत. पाणी बुळबुळीत झालं आणि ताटातून एक वास आला. तो मी लगेच ओळखला. नव्या घोंगडीचा, पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास. मी नोट बोटांत धरली. तिच्यावरचा थर साबणासारखा निघून येत होता. खालून कागद निघाला, एकपदरी, मऊ, बारीक रेषांचा, एकेक रेष सुटी. ती टीपकागदावर ठेवली, मग दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडे धरली. वॉटरमार्क स्वच्छ दिसत होता.

समोरच्यांना काही कळलं नाही. त्यांना मी धरलेली नोट पाठमोरी दिसत होती. मी म्हणालो, "ही फार घट्ट चिकटलीय, वेळ लागेल," आणि दुसऱ्या विषयावर गेलो. हात ओले होते म्हणून रुमालात घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

शिक्केवाला मित्र पहिल्या रांगेत होता. जेवणाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाला, "वो करमाडवाले की थी ना?"

"नाही, दुसरीच होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाला. पुन्हा त्यानं कधी विषय काढला नाही. आता तोही नाही.

घरी येऊन बाकीच्या नोटाही भिजवल्या. सगळ्या खऱ्या. जुन्या सराफानं बोटांनी चाचपून जी चूक केली, तीच मी भिंग घेऊन केली. त्याच्याकडे निदान भिंग नव्हतं, आणि खळीचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी करमाडला जायला हवं होतं. मी गेलो नाही. आधी तब्येतीचं कारण, मग उन्हाचं. माझ्या शब्दावर लोकांनी ठरवलेले इतर निवाडे डोळ्यांपुढं यायचे. हा एक चुकला असं कळलं तर तेही सगळे उकरले जातील, ही भीती होती. असंच लांबत गेलं. एका हिवाळ्यात अखेर नोटा छातीच्या खिशात घातल्या आणि जालना रोडची बस धरली. पूर्ण वाटेत मनात वाक्य जुळवत होतो.

थोरल्या घरचा अंगणात बाजेवर बसला होता. खूप वाळला होता. मला ओळखलं आणि उठायला लागला. "अरं, सायेब आले. बसा, बसा. सूनबाई, च्या टाक, गूळ नको, साखरंचा."

मी बसलो. त्याच्या पोरीचं लग्न कसं झालं ते तो सांगत राहिला. धाकट्या घरचा सगळा कबिला आला होता. अक्षता टाकताना चुलतभाऊ पोरीपेक्षा जास्त रडला. आता सणाला दोन्ही चुली एक असतात.

"तुमच्यामुळं झालं बघा," तो म्हणाला. "खरं कळलं आन् सुटलो. उगी मी बापाची बाजू धरून बसलो व्हतो जन्मभर."

मी खिशाकडे हात नेला.

"टाक काढला मी त्याचा देव्हाऱ्यातून," तो पुढं म्हणाला. "भावकी म्हणली राहू दे. पण मी म्हणलं, भावाला फसवलेला माणूस देवासंगट कसा बसवायचा? पैठणला जाऊन गोदागंगेत सोडला." मग म्हणाला, "आईच्या शेजारची जागा रिकामी दिसती. कवा कवा वाईट वाटतं. पण आता काय."

चहा आला. मी तो बशीत ओतला. त्यानं विचारलं, "काय काम काढलं हिकडं?"

मी म्हणालो, "काही नाही. इथं जवळच शेंद्र्याला आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

परत येताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होतो की मी त्यांच्यासाठीच गप्प बसलो. दोन घरं माझ्या त्या एका शब्दावर एकत्र आली होती, तो मागे घेतला तर पुन्हा फाटतील, असं म्हणत होतो. हे मी इतकी वर्षं म्हटलं की जवळजवळ खरं वाटायला लागलं. पण तो धाकट्या घरचा भाऊ अक्षता टाकताना रडणारा माणूस होता. त्यानं दुकानात बसून शब्द दिला होता की खऱ्या निघाल्या तर टाकापुढं नाक घासीन. त्यानं ते केलं असतं, आणि बहुतेक हलक्या मनानं केलं असतं. घरं फाटली नसती. फाटलं असतं ते माझं नाव, आणि मी तेच राखलं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बाज अंगणात नव्हती. वाळूजला कंपनीत काम करणारा त्याचा मुलगा भेटला. वडील गेले म्हणाला, त्यांचे दिवसही होऊन गेले होते. मला घरात नेऊन त्यानं देव्हारा दाखवला. आजीच्या टाकाशेजारी बापाचा नवा टाक होता, लखलखीत. "आज्याची जागा रिकामीच व्हती," तो म्हणाला, "तिथंच बसवला. बाबाच म्हणले व्हते." मी हात जोडले. त्याला वाटलं, देवाला जोडले. नोटा तेव्हाही खिशात होत्या आणि तशाच परत आल्या.

हे लिहून झालं की कागद आणि नोटा दोन्ही घरांत देणार आहे. मुलगा आणि त्याचा चुलता मला काय म्हणतील ते ऐकून घेईन. पण जे बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतं. बसमध्ये जुळवलेलं ते वाक्य मला अजून पाठ आहे. चहाची बशी हातात असताना, तो समोर बाजेवर बसलेला असताना, एवढंच म्हणायचं होतं: दादा, नोटा खऱ्या आहेत. तुम्ही लहानपणी पाहिलं ते बरोबर होतं, तुमचे वडील त्या जपत होते. तुम्ही मला सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. मला माफ करा.